दोन सेकंद आधीचं दार

पहिली चूक निवाचीच, हे तोही नाकारत नसे. ताकाओका या जपानी शहरातल्या त्या लग्नाच्या हॉलमध्ये वधू दारातून यायच्या आधी पडद्यावर दहापासून उलटे आकडे नाचतात. ते तो बनवायचा. मागच्या वसंतात त्याला जुन्या सिनेमाची हुक्की आली आणि आकड्यांमागे त्याने काळेपांढरे पट्टे ओढले. मयताच्या घरी टांगतात तसले! नवऱ्याच्या आजीने सातच्या आकड्यालाच जपमाळ बाहेर काढली.

तेच पट्टे मॅनेजर हिरुमासाहेबांनी आदल्या दिवशी पाहून "झकास" म्हटलं होतं. पण पाहुण्यांसमोर त्यांनी निवाची मान धरून कपाळ गालिच्याला टेकवलं. "खेड्यातलं पोर आहे. मी हे बघितलंच नव्हतं."

गालिच्याचा वास वर्षभर निवाच्या नाकातून गेला नाही. मग हिरुमांच्याच मुलीचं, कोहारूचं लग्न निघालं.

या वेळी आकड्यांमागे गुलाबी रंग हवा होता; निवाने जीव ओतला. पहिला गुलाबी पडद्यावर खोकल्याच्या औषधासारखा दिसला, दुसरा हिरड्यांसारखा. कोहारू रंग ठरवायला आली ती लग्नात वाटतात तसली माशाच्या लगद्याची गुलाबी वडी घेऊन. "खा हो. बाबा तुम्हाला फार बोलतात ना? मला तर घरी येऊनही बोलतात." निवाने अर्धी वडी खाल्ली आणि उरलेली पडद्याला लावून रंग जुळवला.

रंग तिचा झाला. वेळ मात्र त्याने बापासाठी राखून ठेवली.

दर लग्नात बंद दाराबाहेर हिरुमा शेवटपर्यंत कुणाला तरी झापत, आणि मनगटावरच्या घड्याळात शून्याची वेळ भरली की हसू चढवत. ते आधीचं तोंड पाहुण्यांनी कधी पाहिलं नव्हतं. निवाने प्रत्येक आकडा किंचित छाटला. डोळ्याला कळू नये इतकाच. सगळे मिळून दोन सेकंद. तालमीत सरळ आकडे दाखवले, लग्नाला हे लावले.

दार उघडणाऱ्या सुझुएमावशींना त्याने बजावलं, "शून्य दिसलं की उघडा. साहेबांकडे बघू नका."

"त्यांच्याकडे बघायची हौस आहे कुणाला?"

शून्य आलं, संगीत थांबलं, दार उघडलं. झोतात हिरुमा बोट नाचवत उभे. समोर हॉलवर कामाला असलेली कुणी पोरगी नव्हती, कोहारू होती.

"खांदे वर कर! मला तोंड दाखवायला जागा ठेव, रडूबाई!"

पुढच्या टेबलावरून हिरुमांची म्हातारी आई ओरडली, "अरे, आज तरी सोड तिला!"

हॉल हसला. हिरुमा वाकले, आणखी वाकले. वरच्या प्रोजेक्टरच्या खोलीतून निवाने ते डोळे भरून पाहिलं. कोहारू डोळे टिपत होती, तेवढं त्याने हिशेबात धरलं नव्हतं.

जेवणं आटोपल्यावर ती वर आली. "आकडे लवकर संपले ना?"

"घड्याळं पुढेमागे होतात, ताई."

"रंगासाठी पडद्याला वडी लावणारा माणूस, आणि घड्याळ पुढेमागे?" ती हसली, पण पुरती नाही. "बाबांना बरी अद्दल घडवलीत. पण डोळे पुसून हसायला मी शेवटचा तेवढाच वेळ राखला होता. तो माझा होता. मला घरी ठेवायला व्हिडिओ हवाय, आणि त्यात मी हसत आत आलेली हवी."

"देतो," निवा म्हणाला.

व्हिडिओतले आकडे त्याने परत लांब केले. हिरुमांचं वाकणं तीन कॅमेऱ्यांत आहे, ते तो अधूनमधून लावून बघतो. दारात हसणारी कोहारू मात्र एकातही नाही. व्हिडिओ अजून द्यायचा आहे.