अक्कांच्या खोलीत पोचलेलं दुकान

नव्वदीच्या दशकाच्या अगदी शेवटी मी नागपूरहून बंगळूरला नोकरीला आले. इंदिरानगरमधल्या एका घराच्या गॅरेजमध्ये आमची छोटीशी कंपनी होती. दुकानांत आणि गोदामांत कॅमेरे बसवायचं काम. तोवर सगळं रेकॉर्डिंग कॅसेटवर व्हायचं. आमच्याकडे मात्र नवंच यंत्र आलं होतं. चित्रं डिस्कवर साठवणारं आणि नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरला पाठवणारं. ते जोडून द्यायला मला पहिल्यांदा एकटीला पाठवलं ते चिकपेटेतल्या एका साड्यांच्या दुकानात.

दुकानाचे मालक पन्नाशीचे, सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी हिंदीत विचारलं, चोऱ्या फार होतात का? ते हसले. "चोरांसाठी नाही, माझ्या अक्कासाठी," तेही हिंदीतच म्हणाले.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तीस वर्षं काउंटर त्यांनीच सांभाळला होता. आता गुडघे गेले होते आणि घर दुकानाच्या वर दोन मजले. सहा महिने त्या खाली उतरल्या नव्हत्या. रोज संध्याकाळी भावाला विचारायच्या, आज कोण आलं, काय नेलं? अण्णांना आठवायचं नाही आणि अक्का रागवायच्या.

यंत्राला दोन नेटवर्क कार्डं होती. एक मी दुकानातल्या कॉम्प्युटरांना जोडलं, म्हणजे अण्णांना टेबलावर चित्र दिसेल. दुसऱ्यातून निघालेली वायर जिन्यावरून अक्कांच्या खोलीत नेली. प्रत्येक कार्डाला आकड्यांचा एक पत्ता द्यावा लागतो. दुकानातल्या पत्त्यांच्या ओळीतलेच पुढचे दोन आकडे मी दोन्ही कार्डांना देऊन टाकले आणि अक्कांच्या कॉम्प्युटरला त्यापुढचा.

अण्णांच्या टेबलावर चित्र लगेच आलं. वर पडदा काळाच. मी वायर बदलली, कार्ड काढून पुन्हा बसवलं. सहा वेळा जिना चढले-उतरले. सातव्यांदा वर येऊनही काळाच पडदा बघितल्यावर माझ्या तोंडून निघालं, "अरे देवा, आता काय राहिलं?"

खुर्चीतल्या अक्का खुदकन हसल्या. "तू मराठी की गं! मग मघापासून माझ्याशी इंग्लिश कशाला बोलतीस?"

म्हणजे हे घर मराठी होतं! त्यांच्या घराण्याला या शहरात किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. "स्वल्प बस," त्या म्हणाल्या. त्यांच्या मराठीत 'थोडं'ला कन्नडमधलं 'स्वल्प' होतं. "कॉफी घे. आणि काय अडलंय ते मला कळंल असं सांग."

मी म्हटलं, "यंत्राला दोन दारं आहेत, अक्का. एक दुकानाकडे उघडतं, एक तुमच्याकडे. चित्र निघतंय, पण तुमच्यापर्यंत पोचत नाही."

"सरी, बरं. पण कुठल्या दारानं जायचं, ते त्याला कसं कळतं?"

"पत्त्यावरून. दुकानाच्या ओळीतला पत्ता असला की दुकानाच्या दारानं..." मी कप खाली ठेवला. अक्कांचा पत्ताही मी दुकानाच्याच ओळीतला दिला होता! यंत्र बिचारं त्यांचं चित्र दुकानाच्या दारानं पाठवत होतं आणि तिथे त्या पत्त्यावर कुणीच नव्हतं.

मी धावत खाली गेले, दुसऱ्या कार्डाला निराळ्याच ओळीतला पत्ता दिला आणि यंत्र बंद करून चालू केलं. वर येऊन अक्कांचा कॉम्प्युटरही त्याच नव्या ओळीत आणला. पडदा उजळला.

चित्र सेकंदाला एखादंच बदलायचं, त्यामुळे माणसं उड्या मारत चालल्यासारखी दिसायची. अक्कांनी चष्मा पुसला आणि दुकानाचा एकेक कोपरा बघितला. मग म्हणाल्या, "दुकानातला आरसा जागचा हलवला माझ्या भावानं. मला विचारलंसुद्धा नाही." पण डोळे भरले होते.

एकदम त्या पुढे वाकल्या आणि त्यांनी फोन उचलला. "अरे, त्या खांबाजवळच्या बाई हुबळीच्या. त्यांना पिवळं काय दाखवतोस? त्या पिवळं नेसत नाहीत. वरच्या फळीवरची हिरवी इरकली काढ!"

पडद्यावर अण्णा रिसीव्हर कानाला लावून थिजले. आधी दाराकडे बघितलं, मग छताकडे. त्यांनी काहीतरी सांगितल्यावर त्या बाईंनीही मान वर केली आणि कॅमेरा समजून चक्क पंख्याला नमस्कार केला. अक्का इतक्या हसल्या की चष्मा घसरला. थोड्या वेळानं त्या बाई हिरवी साडी घेऊन स्वतःच जिना चढून वर आल्या. दोघींनी साडी पूर्ण उलगडली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि पदराच्या विणीवरून कन्नडमध्ये वाद सुरू झाला. मला त्यातलं अवाक्षर कळलं नाही, तरी मी टोक धरून मजेत उभी होते.

महिन्याभरानं ऑफिसात अण्णांचा फोन आला. आता ते माझ्याशी मराठीतच बोलायचे. "यंत्र उत्तम आहे. पण दुपारचा एक तास वरचं चित्र बंद ठेवता येईल का? जेवल्यावर मला काउंटरवर स्वल्प डोळा लागतो."

"येईल की. पण अक्कांना विचारलंत का?"

पलीकडून एक जांभई ऐकू आली.

"राहू दे," अण्णा म्हणाले. "त्यापेक्षा जेवल्यावर मी चहा घेत जाईन."