आक्काच्या शेगडीवरचं इंजिन

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलच्या स्टोअरमध्ये मी काम करतो. बेरिंग, पट्टे, रंगाचे पिंप. काय आहे, काय संपत आलंय, काय मागवायचं, याच्या याद्या करणं हे माझं पोटापाण्याचं काम. घरीही ती सवय सुटत नाही. त्यामुळे आक्काच्या दिव्याचा प्रश्न उभा राहिला तेव्हा मी आधी यादीच केली.

आक्का माझी मोठी बहीण. धुळ्याकडून मला सुरतेला तिनेच आणलं, आणि नोकरी लागेपर्यंत ताटात वाढताना कधी हात आखडला नाही. भाऊजी गेल्यावर तिने आमच्या मिलच्या रस्त्यावर, भिंतीला लागून चहाची लारी, म्हणजे हातगाडी, टाकली. दिवसभर धंदा बेताचा. खरी विक्री संध्याकाळी, पाळी बदलताना. आतले बाहेर येतात, बाहेरचे आत जातात आणि सगळ्यांना चहा हवा असतो.

तिला दिवा मिळायचा शेजारच्या पानवाल्याच्या वायरवरून. पानवाल्याने दुकान विकलं आणि नव्या मालकाने वायर काढून टाकली. लारीला स्वतःचं मीटर मिळेना. थंडीत अंधार लवकर पडतो, त्यात त्या टप्प्यात रस्त्यावरचा दिवा नाही. अंधारात गिऱ्हाईक थांबत नव्हतं, आणि एकटीने उभं राहणं तिलाही बरं वाटत नव्हतं. ती पाळी सुटायच्या आधीच शेगडी विझवून निघू लागली. एक दिवस साधेपणाने म्हणाली की असंच चाललं तर होळीनंतर गावी दिरांकडे जाईन. ते घर मला माहीत होतं. तिथे ती पाहुणी म्हणून गेली तरी खरकटी भांडी तिच्याच पुढ्यात येत.

तर यादी. चार्जिंगचा दिवा आणला होता, तो ऐन गर्दीत मंद व्हायचा. सोलरला ऊन हवं. मिलची उंच भिंत आणि समोरची शेड यांच्या मध्ये ते पोचतच नाही. जनरेटरचा आवाज, धूर आणि डिझेल. सगळ्यांवर काट मारली. मग कागदाच्या तळाशी मी लिहिलं, आपल्याकडे फुकट काय आहे? उत्तर एकच होतं. शेगडीची धग. ती दिवसभर असतेच.

हे मी आमच्या मिलच्या फिटरला बोललो. तो विदर्भातला, बॉयलरवर आयुष्य काढलेला. त्याने मोबाईलवर स्टर्लिंग इंजिनाचे व्हिडिओ पाहून ठेवले होते, पण करून बघायला निमित्त मिळालं नव्हतं. त्याने मला समजावलं ते असं: बंद नळकांड्यात नुसती हवा. एक टोक तापवायचं, दुसरं गार ठेवायचं. हवा गरम टोकाला गेली की फुगते आणि दट्ट्या ढकलते, गार टोकाला आली की आकसते आणि दट्ट्या मागे येतो. वाफ नाही, स्फोट नाही, धूर आहे तो शेगडीचाच. चाक फिरलं की त्याला डायनॅमो जोडायचा.

सामान मिलच्या भंगारातून रीतसर पावती करून घेतलं. पावती तपासणारा मीच, म्हणून दोनदा तपासली. नळकांडं त्याने लेथवर केलं, चाक जुन्या लूमच्या पुलीचं, डायनॅमो सायकलचा. सुट्टीच्या दिवशी ते शेगडीच्या कडेला बसवलं. फिटरने चाकाला बोटाने झटका दिला आणि ते फिरू लागलं. एलईडीची पट्टी उजळली. आम्ही चहा मागवला, आणि चहा संपायच्या आत चाक थांबलं.

फिटर म्हणाला, "आग कमी पडून राह्यली, भाऊ."

आम्ही कोळसा वाढवला. चाक फिरलं, पुन्हा थांबलं. आणखी कोळसा, आणखी वारा. पुढचे कित्येक दिवस आम्ही दोघं संध्याकाळी जाऊन आगच वाढवत होतो. मिलमध्ये जन्म गेलेल्या माणसाला काहीही अडलं की वाफ वाढवायचीच सुचते. आक्काचा चहा उतू जात होता, कोळसा दुप्पट लागत होता. येणारे-जाणारे विचारत की चहा कधी, आणि गाडी कुठल्या स्टेशनात अडकली आहे.

आक्का आमच्या अहिराणीत मला म्हणाली, "तुनं इंजन मन्ही शेगडीवर बठस, भाडं देस का?"

मग एकदा चहा गाळताना तिचा हात इंजिनाच्या वरच्या टोकाला लागला आणि चटका बसला. तिने वैतागून ग्रे कापडाची, म्हणजे मिलमधल्या न रंगवलेल्या कोऱ्या कापडाची, चिंधी ग्लास विसळायच्या बादलीत बुडवली आणि पुन्हा कुणाला चटका नको म्हणून त्या टोकाला गुंडाळली. फिटरने सवयीने चाकाला झटका दिला. चाक फिरलं. चहाची आख्खी किटली संपली तरी फिरत राहिलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि हसू लागलो. गार टोक गार ठेवायचं, हे मला समजावलं त्यानेच होतं, आणि आम्ही दोघं ते विसरून बसलो होतो.

पुढचं काम सोपं होतं. फिटरने गार टोकाभोवती पत्र्याची टाकी बसवली. आता ग्लास विसळायचं पाणी त्या टाकीतूनच बादलीत येतं. उजेड फार नाही. पट्टीभर. पण पैसे दिसतात, ग्लास दिसतात, आक्काचा चेहरा दिसतो, आणि लांबून येणाऱ्याला कळतं की लारी चालू आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या कुठल्याच यादीत नव्हती. शेगडीची जी धग इंजिनात जाते त्यातली थोडीच दिव्याच्या वाट्याला येते, बाकीची त्या पाण्यात उतरते. पाणी तापलं की दिवा मंद होतो, मग ते बादलीत सोडून टाकीत ताजं भरावंच लागतं. इतर लाऱ्यांवर सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत चालतं. आक्काचे ग्लास त्यामुळे साऱ्या रस्त्यात स्वच्छ. लोक आता दिवा बघायला येत नाहीत, तिथला ग्लास चांगला म्हणून येतात. पाण्यासाठी मिलच्या नळाची परवानगी सुपरवायझरसाहेबांनी दिली, तेही तिथेच चहा पितात.

होळी होऊन गेली. गावी जायचा विषय तिने काढला नाही, मीही विचारलं नाही. परवा पाळी सुटल्यावर गर्दी होती म्हणून मी ग्लास विसळायला उभा राहिलो. बादलीत हात घातला, पाणी छान कोमट होतं. मी हात जरा जास्तच वेळ आत ठेवला असणार.

आक्का गाळणीवरून नजर न काढता म्हणाली, "पानी बदली टाक, भाऊ. दिवा मंद व्हस."

मी बादली उचलली आणि नळाकडे गेलो.