रानडुकरांनी वर नेलेलं गाणं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मोहाच्या झाडाला भोंगा बांधणं. दिवस अजून बुडायचा होता. मी झाडावर, बायको खाली तोंड वर करून. डावीकडे फिरवा म्हणे, अजून डावीकडे, डुकरं तळ्याच्या अंगानं येतात. सारा संसार तिनं मला असाच खालून सांगितला आणि मी वरून हो हो केलं. मग तिनं मोबाइल प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळला, वायर लावली, नेट चालू आहे का ते पाहिलं आणि गाणं सुरू केलं.

गाणं आमच्या नातवाचं. मुलीचा मुलगा, बल्लारपूरला राहतो. त्याचा बाप, म्हणजे आमचा जावई, कोळसा खाणीत. पोरगं कॉलेजातून निघालं आणि तीन दोस्त धरून त्यानं बँड काढला. मला वाटलं लग्नातला बँड, चला, पोटापाण्याचं झालं. तसं नव्हतं. हे चौघं गिटार आणि ढोल घेऊन स्वतःचीच गाणी बनवतात, मराठीत गातात, मधूनच इंग्रजीत ओरडतात आणि लग्नात वाजवत नाहीत. मी विचारलं, मग कुठं वाजवता? तर म्हणाला, रिलीज करतो आबाजी.

रिलीज म्हणजे मोबाइलवर सोडून द्यायचं. आमच्या तळ्यात मासळीचं बीज सोडतात तसं. किती जगतं ते तळ्यालाच माहीत.

पहिलं गाणं सोडलं ते प्रेमाचं. ते नातेवाइकांनी एकेकदा ऐकलं आणि माझ्या बायकोनं उरलेल्या सगळ्या वेळेला. दुसरं समुद्राचं. चौघांपैकी एकानंही समुद्र पाहिला नव्हता, आणि गाणं ऐकून ते कळत होतं. मग एकदम पाच गाण्यांचा आल्बम काढला. फोटोत चौघंही रुसून बसलेले. मी बायकोला म्हटलं, यायले कोणी जेवाले नाई देल्लं का?

जावई सरळ माणूस, पण खाणीतला. त्यानं पोराला सांगून टाकलं, यंदाचं धान कापून होईपर्यंत तुझं एखादं गाणं लिस्टमध्ये पहिलं आलं तर पुढचं बोलू. नाहीतर गिटार विकायची आणि खाणीच्या ठेकेदाराकडं लागायचं. लिस्ट म्हणजे, आपल्या भागात कोणतं गाणं सगळ्यात जास्त ऐकलं जातं ते मोबाइल दाखवतो. दर शुक्रवारी बदलते. पोरगं आजीजवळ येऊन रडलं. आजीनं त्याला भात वाढला आणि म्हणाली, पाहू.

त्याच हंगामात डुकरांनी आमची धानाची बांधी धरली होती. आधी आम्ही डबे वाजवायचो. मग शेजाऱ्यानं आपलाच हो हो केलेला आवाज भरून भोंग्यावर लावला. डुकरांनी चार दिवसांत ओळखलं की हा माणूस घरी झोपला आहे. तेव्हा बायको म्हणाली, आपल्या पोराचं गाणं लावून पाहू.

मी म्हटलं, "काऊन? डुकरायनं तुयं काय बिघडवलं?"

तरी लावलं. प्रेमाच्या गाण्यावर डुकरं शांतपणे जेवून गेली, सकाळी धान गोल दबलेलं होतं, पंगत बसल्यासारखं. समुद्राच्या गाण्याला दोन रात्री भ्याली, मग सरावली. आल्बममधलं तिसरं मात्र लागू पडलं. त्यात आधी धडाधड ढोल, मग मधेच सगळं चूप. इतकं चूप की बॅटरी गेली वाटावं. आणि मग चौघं एकदम ओरडतात. डुकराला वाटतं संपलं बुवा, तो बांधीत पाय टाकतो आणि हे ओरडतात. या गाण्याची डुकराला सवयच होत नाही. मलाही झाली नाही.

तळ्याच्या खालच्या सगळ्या शेतकऱ्यांनी ते मागितलं. बायकोनं दिलं, पण अट घातली. पेन ड्राइव्हवर भरायचं नाही, ते लिस्टमध्ये मोजत नाहीत. मोबाइलवरच, नेट चालू ठेवून. लोकांना काय, धान वाचल्याशी मतलब. मग काय, तळ्याच्या खाली रातभर ढोल. गाणं लिस्टमध्ये चढायला लागलं. नववं झालं, मग पाचवं, मग दुसरं.

नातवाचा फोन आला. आपल्या खेड्यातले लोक रात्र रात्र जागून ऐकून राह्यले म्हणे आजी. त्याला काय सांगावं? माझ्या ओठांवर सगळं आलं होतं, पण तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी विडी पेटवली. पोरगं विचारत होतं, लोकांना त्यातलं नेमकं काय आवडतं?

बायको अगदी सरळ तोंडानं म्हणाली, "मधात चूप होता नं, मंग वरडता, ते. तिथी कोनीच जाग्यावर नाई राहत, बाबू."

फोन ठेवल्यावर मला बजावलं, पोराला सांगाल तर पहा.

त्या सांजेला भोंगा बांधून आम्ही तळ्याच्या पाळीवरून घरी निघालो. मागं गाणं चाललेलं. म्हणाली, आता एकच वर आहे. मी विचारलं, ते कोणाचं? म्हणाली सिनेमातलं आहे, पण त्याले डुक्कर भेत नाई. घरी आलो, जेवलो. भांडी घासायला भाताचा गंज घेऊन ती भिंतीला टेकली आणि मग उठलीच नाही. मी दोनदा म्हटलं, राहू दे, सकाळी घासशील.

दुसऱ्या दिवशी तिला नेलं. नातू आणि त्याच्या बँडच्या तिघांनी खांदा दिला. चौघंही ताल धरणारे, पण तिरडी एका तालात गेली नाही. ती असती तर खालून ओरडली असती, डावीकडे, अजून डावीकडे.

गावानं एक केलं. तिच्या मानाखातर सगळ्या बांध्यांतले भोंगे बंद ठेवले. मला कोणी विचारलं नाही. मी ओट्यावर बसलो होतो आणि गाव इतकं चूप होतं की मी त्या चौघांच्या ओरडण्याची वाट पाहत होतो.

सकाळी उजाडल्यावर मी उठून बांधीकडं निघालो. नातू मागं आला, डोकं भादरलेलं. तळ्याखालचं धान जागोजागी लोळवलेलं होतं. माझं, शेजाऱ्याचं, त्याच्या पलीकडचं. चिखलात खुरंच खुरं. डुकरांनी तिच्या तेरवीची पंगत आधीच करून टाकली होती.

नातू खुरं पाहत उभा राहिला. मग भोंग्याकडं पाहिलं. मग शेजाऱ्याच्या भोंग्याकडं. पोरगं शिकलेलं आहे, त्याला कळलं.

"आबाजी, माह्यं गानं आयकत कोन होतं?"

"डुकरं."

तो बांधावर बसला. मला वाटलं रडतो. पण त्यानं विचारलं, "एकबी थांबत नाई?"

"एकबी नाई."

"आजीले माहीत होतं?"

मी म्हटलं, तिनंच तर डुकरं जमवली तुझ्यासाठी. तेव्हा त्याला हसू आलं आणि मग जे यायचं होतं तेही आलं. नाक पुसून म्हणाला, राहू द्या आता, दोन दिवसांत कापणी लागेल, गाणं खाली आलं असेल, मी खाणीत जातो.

मी मोबाइल पन्नीतून काढला. नेट आहे का पाहिलं. तो म्हणाला, आबाजी, सुतक आहे, लोक काय म्हणतील.

"सुतक मले हाय. डुकरायले नाई."

भर सकाळी गाणं लावलं. ढोल धडधडले. शेजारी पळतच आला, मला वेड लागलं असं समजून. त्यानं मला पाहिलं, आपलं धान पाहिलं आणि आपल्या भोंग्याकडं गेला. मग पलीकडचा. प्रत्येकाचं गाणं मागं-पुढं, एकाचं चूप झालं की दुसऱ्याचं ओरडे.

पाळीवरून जावई येताना दिसला. मला वाटलं आता हा बोलणार. तो माझ्याजवळ आला, खिशातून आपला मोबाइल काढला, आणि पोराकडं न पाहता मला म्हणाला, "मामाजी, याच्यावर कसं लावाचं?"

मला ते येत नव्हतं. ते तीच करायची. मी मोबाइल नातवाच्या हातात दिला आणि जावयासाठी दुसरा भोंगा कुठं बांधायचा ते पाहायला झाडावर चढलो.