बुध नव्हे, शुक्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? — कारण वैताग आलाय. रस्त्याने सरळ चालता येत नाही मला.

सुरतेच्या लिंबायतमध्ये आमच्या गल्लीत मला सगळे ‘मास्तर’ म्हणतात. मी कसला मास्तर, कापडाच्या कारखान्यात लूम चालवतो. पण भाजीच्या गाडीपाशी उभा राहिलो की कुणीतरी विचारणारच — मास्तर, ऑक्टोपसला हृदयं किती? तीन. मधमाशीला डोळे किती? पाच. पानिपतची तिसरी लढाई? सतराशे एकसष्ट. अरे, खिशात मोबाइल आहे ना तुमच्या? परवा तर एका लग्नात, हातात ताट, तोंडात घास, आणि नवरदेवाचा मामा विचारतोय, आपल्याकडे पहिला बोलपट कुठल्या साली आला. घास गिळून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी माझं डोकं उठतं.

हे सगळं मला खरंच येतं बरं का. त्यात लबाडी नाही. लबाडी दुसरीकडे आहे. सांगतो — पण आधी मंगलावहिनींबद्दल सांगायला हवं.

वहिनी आमच्या समोरच्या घरात राहतात. घरबसल्या साड्यांवर खडे चिकटवतात. मांडीवर साडी, शेजारी मोबाइलवर जनरल नॉलेज चालू. बारावी झाल्या, लग्न होऊन अमळनेरकडून सुरतेला आल्या आणि शिक्षण तिथेच थांबलं. सहा वर्षांपूर्वी गणपतीत आमच्या मंडळाने जोड्यांची प्रश्नमंजूषा ठेवली. जिंकणाऱ्या जोडीतल्या एकाने मंडळाच्या खोलीत दर रविवारी मुलांचा वर्ग घ्यायचा, असं ठरलं. तो वर्ग वहिनींना हवा होता. किती हवा होता? — श्रावणातच फळा आणून भिंतीला टेकवून ठेवला होता, इतका.

त्यांचा जोडीदार म्हणजे त्यांचा नवरा, भगवान. खात्यात, म्हणजे आमच्या कारखान्यात, माझ्या शेजारच्या लूमवर असतो. लूमच्या खटखटीने त्याचे कान जवळजवळ गेलेत. तुम्ही कधी चालू लूममध्ये उभे राहिलात का? तिथे ओरडून काही उपयोग नाही. आम्ही नुसते ओठ हलवतो, समोरचा वाचतो. धागा तुटला, चहा आला, शेठ आला — सगळं बिनआवाजी. वर्ष-दोन वर्षांत ते अंगवळणी पडतं. वहिनीही नवऱ्याशी तसंच बोलायला शिकल्या. आवाज न काढता, ओठ नीट उघडून.

आलं ना लक्षात, कुठे चाललोय ते?

शेवटच्या प्रश्नाला आमची आणि वहिनींची जोडी बरोबरीत होती. माझा जोडीदार मख्ख बसलेला, त्याला काही विचारणंच व्यर्थ. प्रश्न आला — कोणत्या ग्रहाला स्वतःभोवती फिरायला सूर्याभोवती फिरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो? जो हात आधी वर करेल त्याने सांगायचं. माझ्या डोक्यात बुध. हात उचलणार, तेवढ्यात वहिनींकडे नजर गेली. त्या दर वेळी उत्तर आधी भगवानला सांगायच्या. त्याने मान हलवली की मगच हात वर करायच्या. बुध म्हणायला ओठ मिटावे लागतात. त्यांचे मिटले नाहीत. पुढे आले, गोल झाले — शुक्र. मी हात वर केला. भगवानची मान हलेपर्यंत मी सांगून मोकळा झालो होतो.

नजर गेली म्हणालो? — बघा, अजूनही सुटत नाही. गेली नाही, मी नेली. आधीच्या दोन प्रश्नांनाही नेली होती. वहिनी स्वतःच्या नवऱ्याशी बोलत होत्या, आणि मी ते चोरून वाचत होतो. एवढं येत होतं मला, तरी.

वर्ग मला मिळाला. सहा वर्षं मीच घेतोय. फळाही वहिनींनीच पाठवून दिला, आता घरात काय करायचाय म्हणून.

एवढ्यावर थांबलो असतो तर — पण नाही थांबलो. स्पर्धेनंतर दोन दिवसांनी, दुपारच्या सुट्टीत, भगवान माझ्याजवळ येऊन बसला. डबा उघडलाच नाही त्याने. म्हणाला, “माले ऐकू येस नही ना भो. तिना टाइम मन्हामुये गया.” तिचा वेळ माझ्यामुळे गेला, ती माझ्यामुळे हरली — दोन रात्री त्याला झोप नव्हती. डोळे भरले होते त्याचे.

तिथे मी काय करायला हवं होतं, ते शेंबडं पोरही सांगेल. मी काय केलं? मला भीती वाटली की हा विचार करत राहिला तर कधीतरी त्याला कळेल. म्हणून म्हणालो, हो भगवान, तुझ्यामुळेच. पुढच्या वर्षी वहिनींना दुसरा जोडीदार शोध, तू नको बसूस. त्याचा एक शब्दही चुकू नये म्हणून त्याच्यासमोर तोंड नेऊन, ओठ सावकाश हलवून सांगितलं.

त्याने मान हलवली. पुढच्या वर्षी वहिनींनी नावच दिलं नाही. आता चार माणसांत असले की भगवान त्यांच्यापासून लांब, खाली बघत बसतो, आणि वहिनींना काही सांगायचं असलं तर त्या उठून त्याच्याजवळ जातात, खांद्याला हात लावतात.

मी पलीकडे बसलेला असतो. त्या काय म्हणतात ते मला अजूनही कळतं.