सरिताच्या नावाची टिक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते, तेव्हा तिथेसुद्धा दुसरंच काहीतरी पुटपुटते आणि उदबत्ती लावून निघते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच — मला कळतं ते.

मी शाळेत शिकवते. चामोर्शीजवळच्या एका खेड्यात आमचं एकत्र घर आहे. सासू-सासरे, आम्ही दोघं, धाकटा दीर प्रशांत आणि त्याची बायको सरिता. मोबाईलवरच्या यादीचं खूळ या घरात मीच आणलं. सगळ्यांच्या फोनमध्ये एकच यादी. कुणी काय करायचं ते त्यात लिहायचं, काम झालं की टिक करायची. मग सगळ्यांना दिसतं कुणी टिक केली, किती वाजता केली. किराणा, सासूबाईंची बीपीची गोळी, गाईची ढेप, सगळं त्यात. "घरातबी हजेरी घेऊन राह्यली का आता?" म्हणून नवरा हसला, पण महिन्याभरात त्यालाही सवय लागली. सरिता दहावी नापास. तिला मी शेजारी बसवून शिकवलं. काम झालं की ती पदराला बोट पुसून टिक करायची आणि माझ्याकडे बघायची. मी मान डोलवायची. शाळेतली बाईच ना मी, सवय जाते कुठे?

त्या यादीत एक काम सगळ्यांत महत्त्वाचं होतं. 'मामाजींना आणणे, पाच वाजता.' मामाजी म्हणजे माझे सासरे. धान पिकायला आलं की ते दिवसभर बांदीत, म्हणजे आमच्या धानाच्या शेतात, मचाणावर बसून राखण करायचे, रानडुकरं फार. पण आमच्या शिवारात तेव्हा वाघ फिरत होता. दोन गाई गेल्या होत्या. पाचनंतर त्या रस्त्यानं एकट्यानं पायी यायचं नाही, असं गावानं ठरवलं होतं. मामाजी मोबाईल बाळगत नसत — "ते खिशात टुणटुण नोको मले" म्हणायचे. म्हणून रोज पाच वाजता कुणीतरी गाडीनं जाऊन त्यांना आणायचं. पाळ्या लावलेल्या. टिक झाली म्हणजे मामाजी घरी आले, असं सगळ्यांनी धरायचं.

त्या दिवशी पाळी माझी होती.

बघा, इथवर सगळं किती सरळ सांगता येतं. पुढचं सांगताना मात्र हात अडतो.

शाळेतून आले होते. घरात माझा फोन चार्जिंगला लावला होता, आणि तसाच कानाला धरून मी एका मैत्रिणीशी बोलत होते. तीही शिक्षिका. तिनं विचारलं, बाई, नोकरी करून एवढ्या मोठ्या घराचं जमतं कसं गं तुला? झालं! मी सुरूच झाले. यादी कशी, पाळ्या कशा, कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही — किती वेळ बोलत होते देव जाणे. सरिता अंगणात धानासाठी खळं सारवत होती, दोन्ही हात कोपरापर्यंत शेणात. तिचा फोन ओट्यावर होता. पाच वाजले आणि तो वाजायला लागला. मामाजींचं काम सगळ्यांच्याच फोनवर वाजायचं आणि टिक होईपर्यंत वाजतच राहायचं, तशी सोयही मीच लावून दिली होती.

"ताई, तुमचं मामाजीचं वाजून राह्यलं," ती म्हणाली.

मी मैत्रिणीला "एक मिनिट गं" म्हटलं, बाहेर आले, सरिताचा फोन उचलला आणि टिक केली. आवाज बंद व्हावा म्हणून. पाच मिनिटांत निघणारच होते ना? सरिताची माझ्याकडे पाठ होती. मी आत गेले आणि पुन्हा बोलायला लागले. माझ्या यादीचं कौतुक ऐकत मी माझंच काम विसरले. हसू येतं ना? यावं. त्यात रडण्यासारखं काय आहे ते मलाच माहीत.

दिवस मावळता मावळता प्रशांत त्याच वाटेनं चामोर्शीहून परत येत होता. बांदीच्या फाट्यावर थांबून त्यानं यादी पाहिली. टिक झालेली. तो सरळ घरी आला. मी फोन ठेवला तेव्हा अंगणात गाडी लावून तो विचारत होता, "बाबा कुठी आहेत?"

मामाजी घरात नव्हते. प्रशांत आणि गावातले चार-पाच जण बॅटऱ्या, काठ्या घेऊन धावले. वाट पाहून पाहून मामाजी एकटेच निघाले होते आणि अंधारात पाटात पडले होते. खुबा मोडला होता. तासभर ते त्या थंड पाण्यात पडून होते, आणि त्यांनी एकदाही हाक मारली नव्हती. आवाज दिला तर वाघ येईल, म्हणून. दुपट्टा तोंडात कोंबून घेतला होता. ते सापडले तेव्हा तो दातांनी फाटलेला होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात नवऱ्यानं फोन उघडला. "सरितानं टिक केली आहे. पाच वाजून दोन मिनिटं." सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, कारण पाळी माझी. आणि मी बोलले. "मला वाटलं, सरितानं कुणाला तरी पाठवलं."

एवढंच. एक वाक्य. आयुष्यात याहून मोठं खोटं मी बोललेली नाही.

सरिता म्हणू शकली असती, माझे हात शेणात होते. म्हणालीच ती, पण स्वतःशी पुटपुटल्यासारखी. "माहे हात तं शेणात होते... पण फोन माहाच आहे. म्हंजे माह्याच हातून झालं असंन." यादीवर तिचा माझ्याइतकाच विश्वास बसला होता. तो मीच बसवला होता — यादी खोटं बोलत नाही, असं शिकवून. स्वतःच्या हातांपेक्षा तिनं यादीला खरं मानलं. आणि मी? व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते.

प्रशांत तिच्याशी पंधरा दिवस धड बोलला नाही. तिच्या फोनमधून त्यानं यादी काढून टाकली. सासूबाई तिला दुधावर लक्ष ठेवायलाही सांगेनात. एकटे मामाजी तिला जवळ बोलावून म्हणाले, "काऊन रडतं वो बाई? यंतर होय ते. तू काय करशीन?" मी तेव्हा दारात चहा घेऊन उभी होते. मग मी घरात नवा नियम केला, दुसऱ्याच्या कामावर कुणी टिक करायची नाही. सगळ्यांना तो फार पटला. "ताई आहे म्हणून घर चालते," असं प्रशांत म्हणाला, आणि मी ते ऐकून घेतलं.

मामाजी पुन्हा बांदीत गेले नाहीत. वॉकर धरून अंगणातल्या खळ्यापर्यंत जातात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धान कसं आहे विचारतात. हे माझं पाप आहेच. पण रोज टोचतं ते दुसरंच.

सरिताचा स्वतःवरचा भरवसा गेला आहे. गॅस बंद करते आणि मला विचारते. गाईला पाणी दाखवते आणि मला विचारते. आत्ताच, हे लिहीत असताना, ती दारातून डोकावली. हात ओले होते, भांडी घासून आलेली.

"ताई, मागचं दार लावलं न मी?"

मी तिला लावताना पाहिलं होतं. "लावलंस," मी म्हटलं.

"तुमी पाहिलं न?"

"पाहिलं."

तिला बरं वाटलं. या घरात तिचा फक्त माझ्या शब्दावर विश्वास आहे.