प्लास्टरमामांचा अंगठा

कुणाची विद्या डोक्यात असते, कुणाची जिभेवर. प्लास्टरमामांची विद्या उजव्या हाताच्या अंगठ्यात होती. सरकारी रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून त्यांची खोली. आत एक उंच बाक, कोमट पाण्याची बादली, कापसाचे गुंडाळे आणि भिंतीला पांढऱ्या शिंतोड्यांची रांगोळी. तिथे त्यांनी एकतीस वर्षं मोडलेले हातपाय बांधले. पट्टी पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की काढायची, हलकेच पिळायची आणि मग धार धरल्यासारखी एका लयीत गुंडाळत न्यायची. नवशिके बोटांनी दाबतात आणि आत खड्डे पाडतात. मामा तळव्यानं फिरवत. अंगठ्याचं काम निराळं. मनगटाच्या वळणावर पट्टी बाजू बदलते, तिथं अंगठ्यानं एक चूण घालावी लागते. ती चूण बसली तर प्लास्टर कातडीसारखं बसतं, नाही तर आतून टोचत राहतं.

मामांच्या खोलीचा कायदाही त्यांचाच. बाहेर बाक भरलेला असो, ते दारात येऊन प्रत्येकाची नखं बघत. ज्याची नखं निळसर, म्हणजे रक्त अडलेलं, तो आधी. बाकीचे नंबरानं. "मी अमक्याचा मेहुणा," असं कुणी म्हणालं की मामा म्हणत, "मेहुण्याला नमस्कार सांगा आणि बसा."

असा हा अंगठा एक दिवस वाकला तो वाकलेलाच राहिला. डाव्या हातानं ओढला तेव्हा खटका बसून सुटला. महिन्याभरात दिवसाला वीस खटके. मामांनी कुणाला दाखवला नाही. हाडाच्या बाबतीत त्यांचा एकच सिद्धांत होता: दुखरं हाड रुसलेल्या माणसासारखं असतं, त्याला गप्प बसू द्यावं. साठलेली रजा टाकली, घरी बसले आणि बायकोला बादली धरायला लावून डाव्या हातानं स्वतःच्याच अंगठ्याला मनगटाच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं. पाच आठवडे. मोठं सुबक प्लास्टर होतं. कापून काढलं तेव्हा आत अंगठा नव्हता, खुंटी होती.

रजा संपवून कामावर आले आणि पहिल्याच दिवशी एका शिक्षिकेच्या मनगटाचं प्लास्टर सैल बसलं. हाडांच्या डॉक्टरबाईंना ते कापून परत घालावं लागलं. रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरांनी मामांना बोलावलं. "मामा, सहा आठवडे देतो. तोपर्यंत हात चालला तर खोली तुमची. नाही तर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं जुन्या कागदांच्या खोलीत काढा. तिथं पंखाही चांगला आहे."

मामांना पंखा नको होता.

नेमकी त्याच आठवड्यात दोन्ही मुलं परदेशातून सुट्टीवर आली होती. मुलगी एका देशात, मुलगा दुसऱ्यात. सकाळचा चहा टेबलावर आला आणि अंगठ्यावरून दोन देशांची लढाई जुंपली.

"आमच्याकडे दवाखान्याच्या दारात कुणी विचारत नाही तुमच्याकडे काय आहे," मुलगी म्हणाली. "बाळ झालं तेव्हा नर्स घरी येऊन दहा दिवस बघून गेली. मी बोलावलंही नव्हतं."

"आणि ताई, तुझ्या शेजारच्या काकांचा खुबा?"

"त्याचं काय?"

"अकरा महिने लंगडत होते ना? तूच सांगितलंस. आमच्याकडे सोमवारी दुखलं तर बुधवारी ऑपरेशन."

"विमा असेल तर! नोकरी बदललीस तेव्हा मधले चार महिने दाढ धरून कोण बसलं होतं? लवंग दाबून फोन करायचास मला."

मुलगा चहात बघायला लागला. लवंगेचं हे असं बाहेर येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"अरे, तुम्ही आपापल्या सरकारचे वकील आहात की काय?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "अंगठा तुमच्या बापाचा आहे. त्याला विचारा."

"बाबांना काय विचारायचं?" मुलगा म्हणाला. "मी उद्याची वेळ घेतलीय. चौकातलं नवं खाजगी हॉस्पिटल. काचेचं दार आहे ते."

"बाबा सरकारी माणूस आहेत. तेच तिकडे गेल्यावर लोकांनी काय म्हणायचं?" मुलगी म्हणाली.

मामांनी कप खाली ठेवला. डाव्या हातानं. "मी जरा कामावर जाऊन येतो," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी मामा आपल्याच रुग्णालयात केसपेपर काढून रांगेत उभे राहिले. लोकांना वाटलं मामा रांग लावायला उभे आहेत, म्हणून सगळे सरळ झाले. डॉक्टरबाईंनी अंगठा हलवून पाहिला.

"मामा, हे आधी का नाही दाखवलंत? बारीकशी शीर अडकलीय, छोटा छेद देऊन मोकळी करायची. पण यादी आठ आठवड्यांची आहे."

"मला सहाच आहेत."

"माहीत आहे." बाईंनी वही ओढली. "या गुरुवारी घेते तुम्हाला. शिवणकाम करणारी एक बाई आहे, तिला पुढे ढकलते. तुम्ही घरचे."

मामांनी वहीत डोकावून पाहिलं. ती बाई त्यांच्या ओळखीची होती. दोन्ही हातांना मुंग्या येतात म्हणत आली होती आणि मामांनीच तिला, "नंबर लाव, येईल," असं सांगितलं होतं. तिनं नंबर लावला. दोन महिने वाट पाहिली.

"नको बाई," मामा म्हणाले. "एकतीस वर्षं मेहुण्यांना नमस्कार सांगत आलोय. आता मीच मेहुणा कसा होऊ?"

घरी येऊन त्यांनी मुलाला सांगितलं, "उद्याची वेळ राहू दे. येतो."

मुलानं टाळी वाजवली. मुलीचं तोंड उतरलं.

"म्हणजे हा जिंकला?"

"कुणी जिंकलं नाही. मला पोरगा आहे, दुसरं दार आहे. त्या शिवणवाल्या बाईला एकच दार आहे. मी तिथं गर्दी करू नये, एवढंच."

"हे बोलायला छान आहे बाबा," मुलगी सोडणारी नव्हती. "पण ज्याला दुसरं दार आहे तो प्रत्येक जण निघून गेला, तर पहिल्या दाराकडे बघायचं कुणी?"

मामांनी चपला काढून कोपऱ्यात नीट लावल्या. पोरगी खरं बोलत होती आणि खरं बोलणाऱ्याला लगेच उत्तर देऊ नये, अशी त्यांची रीत होती.

"मी बघतो ना," शेवटी ते म्हणाले. "त्यासाठीच तर अंगठा पाहिजे."

काचेच्या दाराआड सगळं गुळगुळीत होतं. खुर्च्या मऊ, माणसं मुकी. मामांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. बाकावर कुणी कुणाला, "कशानं मोडला हो?" असं विचारत नव्हतं. पण डॉक्टर चांगला निघाला. तरुण होता, हात हलका होता.

"पाच आठवडे प्लास्टर? कुणाच्या सल्ल्यानं?"

"एका जुन्या जाणत्या माणसाच्या," मामा म्हणाले.

"त्याला सांगा, आता पुन्हा असला उद्योग नको."

"ऐकतोय तो," मामा म्हणाले. मुलाला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांत काम झालं. खरं काम पुढेच होतं. डॉक्टरनं बजावलं: उद्यापासून हलवायचा, दुखला तरी हलवायचा. ज्या माणसानं जन्मभर लोकांना "हलवू नका" सांगितलं, तो रोज सकाळी खिडकीत बसून अंगठा करंगळीकडे नेऊ लागला. पहिल्या आठवड्यात मधल्या बोटापर्यंतही पोचेना. डोळ्यांत पाणी यायचं. बायको समोर बसून मोजायची. "अजून पाच. लोकांची हाडं बसवताना दया येत होती का तुम्हाला?"

मुलं आपापल्या देशांना परत गेली. जाताना गाडीत बसेपर्यंत भांडत होती, आता विषय दातांवर आला होता.

सहावा आठवडा संपला त्या सकाळी मामा खोलीत उभे राहिले. बाकावर एक सुतार बसला होता, मनगट मोडलेला. मोठे डॉक्टर दारात येऊन थांबले. मामांनी पट्टी बुडवली, बुडबुडे थांबू दिले, हलकेच पिळली. तीन वेढे. मग वळण आलं. अंगठा चटकला, कळ खांद्यापर्यंत गेली, पण थांबला नाही. चूण बसली. सपाट आणि मऊ. मामांनी वरून तळवा फिरवला आणि सुताराला विचारलं, "टोचतंय कुठं?"

सुतारानं मान हलवली. "गरम लागतंय. बरं वाटतंय."

मोठे डॉक्टर खाली वाकले, मनगटाच्या वळणावर बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग सरळ झाले. "कागदांच्या खोलीसाठी दुसरा कुणीतरी बघतो," म्हणाले आणि चालू लागले.

मामांनी हात पुसले, दारात आले आणि बाकावर बसलेल्यांची नखं बघायला लागले.