नोरीनचं गेट दुरूनच

किलमॅलकला सहलीला आलेल्या कुठल्याही पोराला विचारा, काय बघायला आलास, तर तो सांगेल ब्लॉसम गेट. गावाच्या जुन्या तटाचा तेवढा एकच दरवाजा धड उभा आहे. आणि आमची नोरीन मुलकाही, गावातली एकुलती एक गाइड, नेमकं तेच गेट दुरून दाखवायची. माझ्या चहाच्या दुकानाच्या थोडं पुढे, वळणावर पोरांना उभं करायची, हात लांब करायची आणि सगळा इतिहास तिथूनच ओरडून सांगायची. मग त्यांना वळवून नदीकडे, पडक्या मठाकडे न्यायची. कोणी म्हणालंच की बाई, जरा जवळ जाऊ या, तर उत्तर ठरलेलं. कमान दुरूनच नीट दिसते. गाव म्हणायचं, दुरून डोंगर साजरे, आणि नोरीनचं गेट.

गेटला खेटून तिच्या धाकट्या भावाचं, कॉनचं, हार्डवेअरचं दुकान होतं. दाराला बादल्या आणि दोरखंड टांगलेले, आत सदा रेडिओ चालू. बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. हाकेच्या अंतरावर राहून जेवढ्या जिद्दीने ते बोलत नव्हते, तेवढ्या जिद्दीने एखाद्याने घर बांधलं असतं.

भांडण आईवरून. म्हातारीचं आजारपण नोरीनने एकटीने काढलं, वर्षानुवर्षं. लग्नसुद्धा राहून गेलं. आई गेली तेव्हा नोरीनला उभं राहायची ताकद नव्हती, म्हणून तिने आईला घरी न ठेवता, गावातल्या अंत्यविधींचं सगळं बघणाऱ्या विली डॉइलच्या मयतघरात ठेवलं. आमच्याकडे माणूस गेलं की घरातच ठेवतात, रात्रभर चहा आणि सँडविचेस चालतात, सगळं गाव येऊन हात हातात घेऊन जातं. कॉनला ते लागलं. चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "आईला शेवटचं स्वतःच्या दारातून निघायलाही मिळालं नाही. तू तिला घराबाहेर काढलंस." आजारपण काढताना हा कुठे होता, हे नोरीनने विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही, घरी गेली आणि दार लावून घेतलं. दोघंही खरे होते आणि दोघंही गाढव होते, माझं मत आजही तेच आहे.

गेल्या शरदात कॉन गेला. छातीत कळ आली, दुकानातच कोसळला. त्याला दुकानावरच्या घरात ठेवलं होतं. सगळं गाव जाऊन आलं. आमच्याकडे कितीही वैर असो, मयताला माणूस जातंच, ते भांडणात धरत नाहीत. नोरीन गेली नाही. मी बोलावायला गेले तर भांडी घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉनची मुलगी एमर तिच्याकडे आली, तेव्हा मी तिथेच होते. पोर उंबऱ्यातच उभी राहिली.

"आत्या, उद्या चर्चला जाताना गाडी तुझ्या दारात थांबेल. बाबांनी विलीला आधीच सांगून ठेवलं होतं. माझा जन्म त्या घरातला, म्हणाले, तिथे थांबवा."

आपल्या माणसाच्या घरासमोर शववाहिनी क्षणभर थांबते, आणि घरचं माणूस दार उघडून उभं राहतं. हे नोरीनला कोणी शिकवायला नको.

"थांबू दे की," ती म्हणाली. "रस्ता सरकारचा आहे."

"तू असशील ना?"

"उद्या लिमरिकची कॉलेजची पोरं येणार आहेत. शब्द दिलाय मी."

एमर गेली. मग मी बोलले, आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सकाळी पोरं आली, रंगीबेरंगी टोप्या घातलेली, भुकेली. नोरीनने त्यांना बजावलं, माझ्या मागेमागे राहा, मी जाईन तिकडे या. त्या दिवशी वळणावर थांबली नाही, गेटचं नावही काढलं नाही. सरळ नदीकाठी मठात नेलं, जिथून रस्ता दिसत नाही. हे तिने मुद्दाम केलं, आणि मला तिचा असा राग आला की हातातली किटली ओट्यावर आपटली.

थोड्या वेळाने, मयताचा मान म्हणून, मी दुकानाचे पडदे ओढले आणि पायरीवर येऊन उभी राहिले. रस्त्यावरची सगळी दुकानं तशीच अर्धी मिटली. विली उंच टोपी घालून गाडीच्या पुढे चालत आला. मुलकाहींच्या दारासमोर थांबला, वळला, टोपी काढली. दाराला कुलूप. एरवी एक प्रार्थना म्हणून होईल इतकंच थांबतात. विली त्याहून कितीतरी जास्त थांबला. सगळं गाव त्या कुलपाकडे बघत होतं. मागच्या मोटारीत एमर काचेला कपाळ टेकून बसली होती. शेवटी विलीने टोपी घातली आणि गाडी हलली.

मठातली हकीकत त्या पोरांच्या मास्तरणीने मला नंतर सांगितली. एका उमरावाच्या थडग्याची गोष्ट रंगात आली होती. त्याच्या पायाशी बहिणीला पुरलंय, असं काहीतरी. तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली. नोरीन वाक्याच्या मध्येच थांबली, खिशात चावी चाचपली आणि चालू लागली, मग पळू लागली. पोरांना बजावलेलं होतंच. तीही सगळी मागून पळाली. त्यांना वाटलं, हाही सहलीचाच भाग.

मी बघितलं ते असं: नदीच्या बोळातून नोरीन धापा टाकत येतेय, हातात चावी, मागे टोप्यांची रांग. गाडीचं मागचं टोक चर्चच्या वळणावर दिसेनासं होतंय. शववाहिनी मागे फिरवत नाहीत. तरी नोरीनने कुलूप काढलं. चावी आधी लागेना. दार सताड उघडून ती उंबऱ्यात उभी राहिली, ताठ, आणि समोर रिकामा रस्ता. एका पोराने टोपी काढली, मग सगळ्यांनी.

मी म्हणाले, चल चर्चमध्ये, अजून वेळ आहे.

"चर्चमध्ये त्याला मी नको होते, पेग," ती म्हणाली. "दारात हवी होते."

ती तिथून हलली नाही. पोरांना मीच सूप-पाव देऊन बसमध्ये घातलं.

दफन झाल्यावर एमर आली. दार उघडंच होतं. नोरीन आत खुर्चीवर कोट न काढता बसलेली. मला वाटलं पोर आता हिला फाडून खाईल, आणि खाल्लं असतं तरी मी मध्ये पडले नसते. पण ती समोर बसली.

"आत्या, सहल असली की बाबा रेडिओ बंद करायचे. तू वळणावरून गेटची माहिती ओरडून सांगायचीस ना, ती ऐकायला. गिऱ्हाईक आलं तरी बोटाने गप्प करायचे. म्हणायचे, आईसारखा आवाज आहे हिचा."

"मला कधी सांगितलं का नाही त्याने?" नोरीनने विचारलं.

"तू कधी आलीस का?" एमर म्हणाली, आणि मग दोघी रडल्या. मीही रडले.

या वसंतात पहिली सहल आली. नोरीन वळणावर थांबली नाही. पोरांना घेऊन थेट गेटखाली गेली आणि कॉनच्या दुकानासमोर उभी राहिली. फळ्या लावलेल्या, बादल्या गेलेल्या. पोरं अगदी तिच्या अंगाजवळ उभी होती, तरी तिने सुरुवात केली ती पूर्वीसारखीच, ओरडून. एक मुलगी हसून म्हणाली, बाई, आम्ही इथेच आहोत, ऐकू येतंय. नोरीन त्या फळ्यांकडे तोंड करून बोलत राहिली, आवाज जराही कमी न करता.